एकशे सदतीस नंबरचं रक्त

मी एकशे सदतीस बोलतेय. मला नाव नाही, पंखाला पत्र्याचा बिल्ला आहे. पिंजऱ्याच्या पाटीवर माझी जात, वय आणि वजन लिहिलंय. स्वभावाला रकाना नाही, नाहीतर तिथे 'भुकेली' असं लिहावं लागलं असतं.

यंत्राच्या उबेत जन्मले, त्यामुळे आईचं तोंड पाहिलं नाही. दुसऱ्या आठवड्यात आम्हा बहिणींना कोंबड्यांवर प्रयोग करणाऱ्या या संस्थेत आणलं. आम्ही पांढऱ्या, झटपट अंग धरणाऱ्या. समोरच्या रांगेतल्या तांबड्या, सावकाश वाढणाऱ्या. दोन्ही जातींतल्या निम्म्या जणींना पोटभर खाद्य, निम्म्यांना अर्धं, आणि मग कुणाचं रक्त कसं राहतं ते बघायचं. माझ्या वाट्याला अर्धं आलं. हे ठरवताना प्रयोगाचे प्रमुख, म्हणजे सर, बिस्किटांचा दुसरा पुडा फोडत होते.

दर शुक्रवारी सरांची विद्यार्थिनी यायची. तिला सगळे ताई म्हणत. पंखाखालची शीर शोधून सुई टोचायची, पण आधी "सॉरी हं" म्हणायची. तीन वर्षं ती या एकाच प्रबंधाच्या मागे होती.

शेड झाडणाऱ्या, खाद्य घालणाऱ्या मावशींना प्रयोग कळत नाही, असं सरांना वाटे. मावशींना तो चांगला कळला होता, फक्त पटला नव्हता. सकाळी त्या आमचं खाद्य काट्यावर तोलून घालायच्या, ग्रॅमभर इकडचं तिकडे नाही. दुपारी सगळे जेवायला गेले, की पोत्यात हात घालायच्या आणि प्रत्येकीपुढे एकेक मूठ टाकायच्या.

"खा गं बायांनो. अर्ध्या पोटी कुणाचं भलं झालंय?"

आम्ही दाणा न् दाणा टिपायचो. पुरावा म्हणून एक कण उरू दिला नाही.

महिनाअखेर निकाल आले. उपासमारीचा ताण रक्तातल्या पांढऱ्या पेशींत दिसतो म्हणे. आमच्या रक्तात तो औषधालाही सापडेना. वजनंही छान भरली होती. सरांचा आनंद गगनात मावेना.

"बघितलंस? या जातीला अर्ध्या पोटीच मानवतं!"

सगळ्या शेडमध्ये पांढऱ्या कोंबड्यांचं खाद्य निम्मं करावं, अशी शिफारस त्यांनी त्याच दिवशी लिहून पाठवून दिली.

मावशींना हे दुसऱ्या दिवशी कळलं. हातातला झाडू टाकून त्या ताईकडे गेल्या. साऱ्या शेडना पुरेल एवढी मूठ त्यांच्याकडे नव्हती.

"ताई, चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "रोज दुपारी मी यांना खायला घालते."

ताईने निकालांची वही मिटली. "अहो मावशी, माझी तीन वर्षं गेली ना!"

"गेली, बाळा. मला शिव्या घाल हवं तर. पण ते हजारो जीव उपाशी मरतील, त्यांचं काय?"

ताई थोडं रडली, डोळे पुसले आणि सरांच्या केबिनमध्ये गेली. केबिन शेडला लागूनच आहे, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"आता शिफारस मागे घेतली तर लोक काय म्हणतील?" सर म्हणाले. "ती मूठ कुणी मोजली होती?"

"नाही, सर."

"मग ती घातलेलीच नाही."

मावशींची बदली ऑफिसात पाणी द्यायला झाली. पोत्यांच्या खोलीला कुलूप लागलं. तेव्हापासून प्रयोग अगदी नियमाने चाललाय. माझा तुरा फिकट पडलाय आणि मी पिंजऱ्याच्या तारेला चोची मारत बसते. परवाच्या शुक्रवारचे आकडे पाहून सर म्हणाले, "ही कोंबडी अपवाद आहे, वगळा हिला." असे आम्हा अर्ध्या खाद्यावरच्या पांढऱ्यांत अकरा अपवाद निघाले. अर्ध्या खाद्यावर आम्ही बाराच जणी आहोत. ताई मान खाली घालून नंबर खोडत होती.

मरणाची मला भीती नाही, कोंबडीच्या जन्माला ते लागलेलंच आहे. संताप एवढ्याचाच येतो, की माझं रक्त पुढे करून माझ्याच बहिणींच्या तोंडचा घास काढला. म्हणून एक मागते. अर्ध्या पोटी सगळं झकास चालतं, असा कागद घेऊन उद्या कुणी तुमच्या दारात आलं, तर त्याला बसवा, पाणी द्या आणि विचारा, उरलेलं अर्धं पोट कोण भरत होतं?