हं म्हटल्याशिवाय

चतुराबाईंच्या घरात एकच कायदा होता: आधी सांगायचं, मग हात लावायचा.

जालना रोडवर रिक्षा उलटली, तेव्हापासून त्यांना मानेखालचं काही कळत नव्हतं. कुणी पाय उचलला की आपटला, हे डोळ्यांनी बघितलं तरच समजायचं. निम्मं आयुष्य मुख्याध्यापिका म्हणून हुकूम सोडण्यात गेलेलं. आता अंगच दुसऱ्याच्या हाती द्यायची वेळ आली, तेव्हा त्यांनी एवढा एक हुकूम स्वतःकडं राखून ठेवला. कामाच्या बाईनं म्हणायचं, "टाच उचलते," "कूस बदलते." चतुराबाईंनी "हं" म्हटलं तरच पुढं व्हायचं. बाया त्या स्वतः बोलून निवडत, स्वतः शिकवत आणि नाही जमलं तर स्वतःच नारळ देत. पुण्याच्या मुलाला, रामकिसनला, त्यात बोट घालू देत नसत.

हा कायदा खरा पाळला तो म्हाळसाबाईनं. देवगाव रंगारीकडची, धनगराघरची. पहिल्याच दिवशी म्हणाली, "मुक्या जनावराला बी आधी आवाज देत्यात, अक्का. नायतर बिचकतंय ते."

"म्हणजे मी मेंढरू का गं?"

"मेंढरू ऐकतंय तरी!"

दोघी पोटभर हसल्या होत्या. काही वर्षं अशीच गेली. मग एका उन्हाळ्यात म्हाळसाबाई गावी गेली, तापानं फणफणली आणि तिथंच वारली.

तिच्यामागं आलेल्या बाया टिकल्या नाहीत. रामकिसननं फोनवर सुनावलं, "आई, आता आणखी एक गेली तर मी गाडी घेऊन येतो. इकडंच राहायचं." इकडं म्हणजे मागची खोली. आणि एक नर्स, जी अंथरुणातल्या बाईला सोडून सुनेला विचारणार, 'यांचं काय करू?' चतुराबाईंना त्यापेक्षा मरण बरं वाटे.

मग साळूबाई आली. आधी चितेगावच्या कंपनीत पॅकिंगला होती. हात झरझर, तोंड बंद.

"सांगायचं काय त्यात, बाई? समोरच तर हाय मी."

"पाठीमागं असलीस की मला दिसत नाहीस."

"बरं, बाई."

पण सांगायला ती निम्म्या वेळा विसरायची.

एका दुपारी ती बाहेरून कुलूप लावून मेणकापड आणायला शहागंजला गेली. चतुराबाई डोळे मिटून पडल्या होत्या.

"अक्का, कूस बदलते."

"हं," त्या सवयीनं म्हणाल्या.

डोळे उघडले तर खिडकी गेली होती. समोर भिंत होती. आणि मग त्यांच्या ध्यानात आलं, की आता या घरात त्यांना अक्का म्हणणारं कुणी नाही.

साळूबाई परतली. "बाई, तुम्हाला तर मी खिडकीकडं करून गेले व्हते."

"विसरली असशील."

साळूबाई पलंगाला वळसा घालून पलीकडं गेली. पाठीमागं उशी नीट दुमडून लावलेली होती. तशी ती कधी लावत नसे. त्या उशीकडं ती नुसती बघत राहिली.

चतुराबाईंनी कुणाला काही सांगितलं नाही. उलट दुपार झाली की त्या साळूबाईसाठी बाहेरचं एखादं काम काढू लागल्या.

रविवारी रामकिसन आला. आई इथं राहील की नाही, ते आज ठरवूनच जाणार होता. साळूबाई गच्चीवर धुणं वाळत घालत होती. तो पलंगाकडं पाठ करून मोबाइल बघत बसला.

"अक्का, टाच उचलते."

चतुराबाईंनी त्याच्या पाठीकडं बघितलं. उत्तर दिलं नाही तर हा वळून बघेल.

"हं."

रामकिसननं मान वर केली नाही. "ही पण तुला अक्काच म्हणते वाटतं. बोलून-सांगून करते की काम! मग राहा इथंच. माझं काही म्हणणं नाही."

तेवढ्यात जिन्यावरून साळूबाई रिकामी बादली घेऊन उतरली. रामकिसन हसला. "बाई, भलत्याच चपळ हो तुम्ही! आत्ता तर इथं होतात."

साळूबाईनं उशीवर ठेवलेला पाय बघितला. मग चतुराबाईंचा चेहरा बघितला.

"व्हय, साहेब," ती म्हणाली.

गाडी गेली तरी ती उंबऱ्यातच उभी होती. "कोण हाय ती, बाई?"

चतुराबाईंनी सगळं सांगितलं.

"काल तुमचं अंग पुसताना माझ्या मनगटाला गार हात लागला. मला वाटलं, तुमचाच. मंग आठवलं, तुमचा तर हलतच नाय." साळूबाईनं पदर आवळून घेतला. "एका अंगावर दोघींचे हात मला चालायचे नाय. तुम्ही हं म्हणता म्हणून ती करती. म्हणू नका. नायतर मी चालले चितेगावला."

कायदा त्यांचाच होता. त्यातून सुटकाही त्यांनाच करून घ्यायची होती.

दुसऱ्या दुपारी आवाज आला. "अक्का, कूस बदलते."

चतुराबाई गप्प राहिल्या. स्वयंपाकघरात भांडी वाजायची थांबली.

"अक्का, कूस बदलते."

आवाजात राग नव्हता. पांगलेलं मेंढरू आपण होऊन येईल, म्हणून कुणी बांधावर थांबावं, तसा तो थांबला होता. घामाचा थेंब डोळ्यात उतरला. तो पुसायलाही हात नव्हता.

साळूबाई दारात आली. पहिल्यांदाच कुणी न बजावता ती म्हणाली, "बाई, कूस बदलते."

आता हं म्हणायची चोरी झाली. हं म्हटलं तर दोघींतल्या कुणी ते आपलं समजायचं?

"साळूबाई," त्या म्हणाल्या. "तू बदल."

साळूबाईचे रांगडे हात आले. उशी वाकडी लागली. "खाली ओढ," चतुराबाईंनी सांगितलं. तिनं ओढली. पुन्हा सांगितलं, पुन्हा ओढली. त्यांचं रडू बघून साळूबाई दचकली. "दुखलं का, बाई?"

"नाही गं. मला कुठं कळतंय?"

तेव्हापासून त्या घरात हं नाही. जिला काम सांगायचं, तिचं नाव घ्यायचं. साळूबाई टिकली. रामकिसन आता फोनवर फक्त तब्येत विचारतो.

आवाज मात्र अजून येतो. विचारतो, आणि वाट बघत थांबतो. साळूबाई बाजारात गेली की चतुराबाई दात घट्ट आवळून पडतात. हं तोंडातून निसटेल, ही भीती आता उरलेली नाही. आता ओठांवर नावच येतं, आणि ते साळूबाईचं नसतं.