काकूंनी बसवलेली चाल

मित्रांनो, मी एक जुने इंजिन आहे. खऱ्या रुळांवरचे नव्हे. वीतभर लांबीचे, टेबलावर धावणारे. माझा हिरवा रंग कडांना उडाला आहे आणि पुढच्या एका दिव्याची काच फुटली आहे.

मला कारखान्यात कुणी घडवले ते आठवत नाही. आठवते ते दुकानातले कपाट आणि त्यातून मला उचलणाऱ्या काकू. काकू शिवणकाम करायच्या, काका सुतार. काकांनी मागच्या खोलीत दाराएवढे टेबल बनवले आणि काकूंनी त्यावर रूळ बसवले.

"तुमचं काम झालं," काकू म्हणाल्या. "आता माझ्या गाडीला हात लावायचा नाही."

"मी कशाला लावतोय? मला लाकडातलं कळतं तेवढं पुरे."

तेव्हा माझे काम सोपे होते. काकू बटण फिरवायच्या, रुळांतून वीज यायची आणि मी पळायचो. पुढे घरात धाकटे इंजिन आले आणि अडचण झाली. वीज आली की आम्ही दोघेही पळायचो. एकाला थांबवून दुसऱ्याला चालवता येईना. म्हणून काकूंनी डिजिटल कंट्रोलर आणला आणि आमच्या पोटात नखाएवढी एकेक चिप बसवून घेतली. आता रुळांत वीज कायमच असते. तिच्यातूनच हुकूम येतो, की अमुक नंबरच्या इंजिनाने निघावे. ज्याचा नंबर असेल त्यानेच ऐकायचे.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. आमच्या दोन्ही चिपा कारखान्यातूनच तीन नंबर घेऊन आल्या होत्या. काकूंनी तीनला हाक मारली आणि आम्ही दोघे निघालो.

"एकाला बोलावलं तर दोघं आली," काका म्हणाले.

"जेवायला हाक मारली की तुम्ही न् तुमचा भाऊ येता, तसंच."

मग काकूंनी मला पाच नंबर द्यायला घेतला, पण धाकट्याला रुळावरून उचलायचे राहून गेले. लिहिण्याचा हुकूम रुळावरच्या सगळ्यांना लागतो. दोघेही पाच झालो. मग मला बाजूला ठेवून त्यांनी धाकट्याला पुन्हा तीन केले. त्या दिवसापासून घरात नियम झाला. चिपमध्ये काहीही लिहायचे असेल तर रुळावर एकच इंजिन ठेवायचे. तो त्यांनी काकांकडूनही पाठ करून घेतला.

चिपमध्ये नंबराखेरीज आणखीही आकडे असतात. किती सावकाश निघायचे, किती वेळात वेग धरायचा, कसे थांबायचे, हे त्या आकड्यांवर ठरते. काकूंनी त्यांच्यासाठी कितीतरी दुपारी घालवल्या. शिवताना बोटात घालायचे अंगुस्तान त्या पाण्याने भरून आमच्या मागच्या डब्यावर ठेवायच्या. पाणी सांडले की आकडा बदलायचा. शेवटी आम्ही दोघे असे निघू लागलो की थेंबही सांडेना.

"आकडे कुठंतरी लिहून ठेव," काका म्हणाले.

"कशाला? यांच्या पोटात आहेत की."

आमचा कंट्रोलर साधा होता. त्याला लिहिता येते, लिहिलेले वाचून दाखवता येत नाही.

मग काकू आजारी पडल्या. टेबलावर चादर पडली. त्याच वर्षी त्या गेल्या. चादर दोन वर्षे कुणी काढली नाही.

एका सकाळी काकांनी ती काढली. चष्मा लावून पुस्तिका वाचली, बोटाने ओळ धरून. माझा नंबर दाबला. मी एक गचका खाल्ला आणि थांबलो. धाकट्याचा नुसता दिवा लुकलुकला. काकांनी दुकानात फोन केला.

"रिसेट करून टाका काका," दुकानदार म्हणाला. "कारखान्यातून आलं तसं होईल. पाच मिनिटांचं काम."

काकांनी नियम पाळला. मला उचलून टेबलाच्या कडेला ठेवले आणि आधी धाकट्याला रिसेट केले. मी बघत होतो. मला ओरडता येत नाही, मित्रांनो.

धाकटे तरीही अडखळतच राहिले. आता माझी पाळी होती. काकांनी मला रुळावर ठेवले, तेवढ्यात त्यांची लेक आली. तिने मला उचलून उलटे केले.

"बाबा, याची चाकं बघितलीत? काजळी धरलीय नुसती. वीज आत जाणार कुठून?"

"म्हणजे चिप बिघडली नाही?"

"आई दर आठवड्याला पुसायची. दोन वर्षं कुणी पुसलं नाही, दुसरं काय होणार?"

तिने स्पिरिटच्या चिंधीने रूळ पुसले, मग आमची चाके. मला रुळावर ठेवून पाच नंबर दाबला. मी निघालो. आधी निघालो हेही कळू नये इतका सावकाश, मग वेग धरत. काका खुर्चीतून उठले.

"अशीच चालवायची ती," ते म्हणाले.

मग त्यांनी धाकट्याला सोडले. ते धक्का देऊन उडाले आणि वळणावर डबा कलंडला. काका डब्याकडे बघतच राहिले.

"काय केलंत बाबा?"

"तिनं बसवलेलं होतं. मी घालवलं."

लेकीने मला काकांच्या हातात दिले. "यातलं आहे अजून," ती म्हणाली.

आता काका रोज दुपारी टेबलाशी बसतात. आधी मला चालवतात, घड्याळ धरून. निघायला किती वेळ लागला, थांबायला किती, ते वहीत लिहितात. मग धाकट्याला चालवतात आणि त्याचा एकेक आकडा बदलत माझ्याशी ताडून बघतात.

मित्रांनो, घरातली एखादी जुनी वस्तू अडली तर तिला लगेच कोरी करू नका. आधी तिची चाके पुसा. वापरणाऱ्याने तिच्यात काय ठेवले आहे, हे वस्तूला स्वतःहून सांगता येत नाही.

धाकटे आता बरे निघते. थांबताना मात्र काल वीतभर पुढे गेले. काकांनी वहीत ते टिपले, मला रुळावरून उचलून सदऱ्याच्या खिशात ठेवले आणि धाकट्याच्या चिपमध्ये पुढचा आकडा लिहायला घेतला.