तळ्याची निरवानिरव

“आई, झालं का गं?”

“कसलं झालं! गाळ अजून तसाच आहे तळाशी. तुला घाई असेल तर तू हो पुढे.”

मित्सुएबाईंनी लांब दांड्याची जाळी पुन्हा अंगणातल्या तळ्यात घातली आणि पर्सिमनच्या झाडाची कुजकी पानं ओढून काढली. खालून एक लालपांढरा मासा आळसावून सरकला. डोंगरातल्या या गावात बर्फ पडायला लागला की खालच्या खिडक्या बुजून जातात. गेल्या हिवाळ्यात छपरावरचा बर्फ ओढताना बाई घसरून पडल्या. खुबा मोडला नाही, एवढंच नशीब. तेव्हापासून मुलाने, कोहेईने, एकच धोशा लावला होता, हिवाळा टोकियोत त्याच्या घरी काढायचा. ‘माशांचं कोण बघणार?’ हे बाईंचं ठरलेलं उत्तर. म्हणून आज तो सरळ गाडी घेऊनच आला होता.

बाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. पानं निघाली तशा त्या लव्हाळी कापायला बसल्या, लव्हाळी संपली तसा गाळ आठवला. कामं संपू नयेत म्हणून त्या कामं शोधत होत्या.

कुंपणापलीकडून शेजारचा म्हातारा साकुमा हसला. “वहिनी, थंडीत मासे खात नाहीत की हलत नाहीत. तळाशी गप पडून राहतात. तुम्ही गेलात हे मार्चपर्यंत त्यांना कळायचंसुद्धा नाही!”

“तुमच्या जिभेला काही हाड?” बाई फणकारल्या. पण बोल वर्मी बसला. नवरा गेल्यावर ज्या माशांच्या नावावर त्या या घरात तग धरून राहिल्या, त्यांना हिवाळ्यात कुणीच लागत नव्हतं.

“सरक, तळ्यातला पंप मी वर घेतो,” कोहेई बाह्या सारून पुढे आला. “तळाशी राहिला तर तिथलं उबदार पाणी ढवळतं आणि मासे गारठतात. बाबा सांगायचे ना?” एवढं म्हणेतो शेवाळावरून त्याचा पाय सटकला आणि साहेब छातीभर पाण्यात!

साकुमा पोट धरून हसला. बाईंनी मुलाला हात देऊन बाहेर काढलं, घरात नेलं, नवऱ्याची जुनी विजार काढून दिली. पन्नाशीचा कोहेई शेगडीपाशी कुडकुडत बसला.

“घरी गेलास की गरम पाण्यात बस. सूनबाई देईल काही गरम करून.”

“यासुको ओसाकाला असते. एप्रिलपासून. बदली झालीय तिची.”

“आणि हे मला आत्ता सांगतोस?”

“सांगून काय?” तो निखाऱ्यांकडे बघत राहिला. “घरी गेलं की दिवा मीच लावतो. ओट्यापाशी उभ्याउभ्याच जेवतो. एकट्यासाठी कुठे ताटं मांडायची?”

“म्हणजे माझ्यासाठी नाही नेत तू मला.”

“तुझ्यासाठीच नेतोय,” तो घाईने म्हणाला. मग हळूच, “थोडं माझ्यासाठीपण.”

बाई उठल्या. बाहेर येऊन त्यांनी पंप उचलून वरच्या दगडावर ठेवला. बांबू आडवे टाकून तळ्यावर गवती चटया अंथरल्या. पाण्याला श्वास राहावा म्हणून कोपऱ्यात पेंढ्याची जुडी उभी सोडली. हात भराभर चालत होते. आता कामं उरकायची होती.

“साकुमाभाऊ, वरचं पाणी गोठून बंद झालं तर काठीने फोडू नका. हादऱ्याने मासे मरतात. कोमट पाणी ओता, हळूहळू.”

“ठाऊक आहे हो वहिनी.”

“ठाऊक असलं तरी ऐका!”

म्हाताऱ्याने टोपी काढली. “ऐकलं.” या खेपेस तो हसला नाही.

घाट उतरून गाडी पेट्रोल भरायला थांबली, तेव्हा कोहेईचं लक्ष आईच्या पायांकडे गेलं. चिखलाने माखलेले रबरी बूट. चांगले जोडे दारातच राहिले होते.

“आई, वळवू का गाडी? फार लांब नाही आलो अजून.”

बाईंनी मागे पाहिलं नाही. परत गेलो तर पाय पुन्हा निघायचा नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

“नको. चल तू.”

त्यांनी पाय आत ओढून घेतले. वाळलेला गाळ बुटांवरून सुटून गाडीतल्या स्वच्छ चटईवर पडत राहिला.