मुद्दाम ठेवलेली खोट

समिधाची पावलं पडवीत वाजली तसं कृष्णकांतने हातातल्या डायवर फडकं टाकलं आणि वर चष्म्याची डबी ठेवली. कोणी पाहिलं असतं तर हसलं असतं. चाळीस वर्षं ज्याने कामाच्या खोलीचं दार कधी ओढून घेतलं नाही, तो आता घरच्याच सुनेपासून पोलाद लपवत होता.

"बाबा, चहा."

"ठेव तिथे."

तिने कप खिडकीत ठेवला, पण लगेच गेली नाही. पेन्सिलीने काढलेल्या वेलीचा कागद टेबलावर उघडाच होता. तो झाकायचं राहून गेलं होतं. समिधाने मान तिरकी करून बघितलं.

"छान आलीय. हे शेवटचं पान जरा आत वळवलं तर?"

"का?"

"असंच. वेगळं दिसेल."

"तुझ्या ऑफिसात वळव काय वळवायची ती पानं."

ती गेली. जाताना तिच्या हातात मोबाइल होता. आता मोबाइल कोणाच्या हातात नसतो? पण कृष्णकांतच्या मनात तो खड्यासारखा रुतून बसला.

कृष्णकांत समुद्रकाठच्या दांडी गावातला जुना डायवाला. डाय म्हणजे दागिन्याचा पोलादी ठसा. पोलादात नक्षी उलटी कोरायची, तिच्यावर सोन्याचा पातळ पत्रा ठेवून दाब द्यायचा, की जे पोलादात खोल ते सोन्यात उठून येतं. म्हणजे सगळं डोक्यात उलटं बघायला लागतं, आणि ते येरागबाळ्याचं काम नव्हे. त्याची सून समिधा पालघरची. बोईसरच्या एका ऑफिसात ती कॉम्प्युटरवर दागिन्यांची डिझाइनं काढायची. लग्न ठरलं तेव्हा कृष्णकांत सगळ्यांना सांगत सुटला होता, "आमच्याच धंद्यातली मिळाली!" आता तेच आठवलं की त्याला स्वतःचा राग यायचा.

या सगळ्याला कारण होता पालघरचा सराफ हर्षित. वय तिशीचं, वागायला गोड. महिन्यापूर्वी कृष्णकांतने त्याला कानातल्यांची नवी डाय नेऊन दिली होती. भरतीनंतर वाळूवर फेसाची जी रेघ राहते, तिच्यावरून काढलेली. आठ दिवसांनी हर्षितने ती परत केली.

"काका, राग मानू नका. ही नक्षी बाजारात आहे."

"शक्य नाय."

हर्षितने मोबाइल पुढे केला. फोटोत कोणा बाईचा कान होता, आणि कानात तीच फेसाची रेघ.

"दुकानात आली होती, तेव्हा काढला फोटो. मला नवं पाहिजे काका. तुमच्याकडे मी नव्यासाठीच येतो ना?"

एस.टी.त बसून परत येताना कृष्णकांतचे कान तापले होते. नक्षी कोणी पाहिली होती? त्याने स्वतः. बायकोने, रखमाने, पण तिला फेस काय नि फणस काय, सगळं सारखंच. आणि समिधाने. नक्षी काढली तेव्हा ती माहेरी होती खरी, पण डाय पुरी होईस्तोवर परत आली होती की! तिचं ऑफिस, तिचा कॉम्प्युटर, एका बोटाने जगभर पाठवायची सोय. यात शोधायचं ते काय राहिलं?

नवं हा त्याचा अभिमान होता. दुसऱ्याचं सोडाच, तो स्वतःचं जुनं कामही कधी बघत नसे. डाय पुरी झाली की शिशाच्या चकतीवर एक छाप काढायचा, चकती पत्र्याच्या पेटीत टाकायचा आणि विसरायचा. मुलगा शैलेश लहान असताना पेटी उघडून बसला, की त्याला दोन धपाटे मिळायचे. "मागचं बघितलं की हात तेच काढतो," तो म्हणायचा. त्याचं बघणं बाहेर असायचं. सुरूची फळं, जाळ्याची गाठ, पावसात भिंतीवर चढलेलं शेवाळ. आणि नक्षी अगदी बिनचूक काढायची नाही. "कॉम्प्युटर दोन पानं सारखी काढतो, तिथंच फसतो. झाडाला काढता येतात का सारखी?" असं तो समिधालाही ऐकवायचा, आणि ती हसून मान डोलवायची. कसली लबाड!

म्हणून त्याने सापळा लावला. त्याच्या गुरूने शिकवलं होतं, प्रत्येक नक्षीत एक खोट ठेवायची. फक्त आपल्याला कळेल अशी. चोराला ती दिसत नाही, तो खोटेसकट उचलतो. कृष्णकांतने या वेळी सुरूचं फळ घेतलं. किनाऱ्यावरून उचलून आणलं, चार दिवस तळहातावर फिरवून बघितलं. त्याचे उघडलेले खवले ओळीने बसवले आणि तळाच्या ओळीतला तिसरा खवला किंचित डावीकडे कलता ठेवला. डाय पुरी केली, पण हर्षितला दिली नाही. कोणालाच दिली नाही. एका दुपारी कागद आणि डाय टेबलावर उघडी ठेवून, दार सताड सोडून तो समुद्रावर जाऊन बसला.

तासाभराने आला तेव्हा कागद जागेवरच होता, पण पेन्सिल उजवीकडची डावीकडे गेली होती.

दुसऱ्या दिवशी रविवार. जेवून तो अंमळ आडवा झाला होता. तेवढ्यात माळ्याच्या खोलीतून शिशाच्या चकत्यांचा आवाज आला. हा आवाज त्याला झोपेतही ओळखू आला असता. तो वर गेला. पत्र्याची पेटी उघडी होती, वर्तमानपत्रावर पन्नास-साठ चकत्या मांडलेल्या, आणि समिधा गुडघ्यांवर बसून एकेकीचा फोटो काढत होती.

"कोणाला विकतेस?"

तिच्या हातातली चकती पडली.

"बाबा, तसं नाहीये."

"मग कसं हाय?"

दारात रखमा येऊन उभी होती. समिधाने तिच्याकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली. बस्स! ज्याच्या मनात पाप नसतं तो माणूस तडतडून बोलतो, रडतो, शपथा घेतो. ही गप्प. कृष्णकांतने मग जे तोंडाला येईल ते बोलून घेतलं. शेवटचं वाक्य होतं, "माझ्या खोलीत पाऊल टाकायचं नाय."

शैलेश तारापूरच्या कारखान्यातून पाळी संपवून आला, तेव्हा त्याला सगळं कळलं. तो बापासमोर आवाज चढवणारा मुलगा नव्हता.

"बाबा, माझ्या बायकोला चोर म्हणालात. आमी एक तारखेला बोईसरला खोली घेतो."

"घ्या."

"तुमी म्हणाल तर नाय घेत. पण तुमी तिला तसं सांगा."

"मी पुरावा दाखवीन, मग बोल."

एक तारखेला बारा दिवस होते. घरात जेवणं व्हायची, पण भांड्यांचाच आवाज. बाहेरच्या खोलीत खोकी साठायला लागली. रखमा दोन वेळा कृष्णकांतच्या दारात येऊन उभी राहिली आणि परत गेली. एकुलता एक मुलगा घरातून चालला होता. कृष्णकांतला रात्री धड झोप येत नव्हती, पण हटायला तो तयार नव्हता. पुरावा नाही मिळाला तर? या विचाराने तो अंथरुणात उठून बसायचा. आणि मिळाला तर? तरीही बसायचाच.

मधल्या बुधवारी बेटेगावला हळद होती. कृष्णकांतची भाची मंजुळा, तिच्या मुलीचं लग्न. समिधा आली नाही, आणि तिला कोणी आग्रहही केला नाही. मांडवात बायकांचा गलका चालला होता. मंजुळा दोन्ही हात हळदीने भरलेले घेऊन समोरून आली.

"मामा, आलात! मामी, अगो किती उशीर?"

ती पाया पडायला वाकली, आणि कृष्णकांतला तिचा कान दिसला.

सुरूचं फळ. उघडलेले खवले. त्याने खिशातून चष्मा काढला, लावला. तळाची ओळ, तिसरा खवला डावीकडे कलता.

सापडली! राग तर आलाच, आणि खोटं कशाला सांगा, त्या रागाच्या आत आनंदही झाला. इतके दिवस तो एकटा पडला होता. आता शैलेशला इथे आणून उभा करीन, हा कान दाखवीन.

"मंजुळा, हे कानातलं कुठून घेतलंस?"

"कुठलं, हे?"

"दुकानाचं नाव सांग. पालघर की बोईसर?"

मंजुळा खळखळून हसली. "मस्करी करता काय मामा? तुमीच तर दिलेलं. माझ्या लग्नात, मामाचा आहेर! सव्वीस वर्षं झाली, कानातनं काढलं नाय मी. तुमीच म्हणाला होता ना, डाय मोडून टाकली, ही नक्षी तुझ्या एकटीचीच."

बाजूच्या बायकाही हसल्या. कोणीतरी म्हणालं, मामाला आता आहेर पुन्हा द्यावा लागणार. कृष्णकांतही हसला असावा. मंजुळाने कोपराने केस मागे सारले आणि कान पुढे केला. त्याने अंगठा हलकेच कानातल्यावरून फिरवला. खवल्यांच्या कडा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. असं सोनं पंधरा दिवसांत होत नाही. आणि त्याच्या गुरूने शिकवलेली, फक्त त्यालाच कळणारी खोट बरोबर त्याच जागी होती, त्याच बाजूला कललेली.

त्याने रखमाकडे बघितलं. ती पदराच्या काठाचा धागा ओढत होती.

परत येताना रिक्षात दोघंच होती. बोईसर मागे पडल्यावर त्याने विचारलं.

"तुला ठाऊक होतं?"

"व्हतं."

"कधीपासून?"

"दिवाळीपासनं. तुमी कमळ केलेलं ना, ते शैलेशच्या बारशाला केलेलंच निघालं. पोरीने पेटीत बघितलं." रखमा रस्त्याकडेच बघत होती. "मी म्हनले, सांगू या. ती म्हनली, नको आई, बाबा काम सोडतील. मी सगळ्या चकत्यांचे फोटो काढते. त्यांनी नवं काढलं की जुळवून बघते, आणि जुनं निघालं तर एखादं पान फिरवायला लावते. फेसाची नक्षी तेवढी निसटली. तवा ती माहेरी व्हती."

"मी चोर म्हणालो तिला."

"हां."

"तरी बोलली नाय."

"काय बोलनार व्हती अवो? तुमचंच तुमाला सांगनार?"

तारापूरचा फाटा आला. रिक्षावाल्याने कुठे वळण घेतलं, कितीदा हॉर्न वाजवला, त्याला काही कळलं नाही. कृष्णकांतला भीती वाटत होती. चोरापेक्षा ही मोठी होती. चोराला धरता तरी येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कामाला बसला. रस्त्याच्या कडेला वाळत घातलेल्या सोड्यांचा बाक त्याच्या डोळ्यांसमोर होता. कोलंबी सुकली की अशी काही मुरडते, की जणू अजून पाण्यातच आहे. त्याने कागद घेतला, दोन बाक एकमेकांत अडकवले, मधे मोकळी जागा सोडली. हात भराभर चालत होता. नक्षी देखणी येत होती, अगदी आतून येत होती. आणि नेमकं त्यामुळेच तो थांबला. आतून, म्हणजे कुठून?

पूर्वी असा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता. त्याने कागद लांब धरून बघितला, उलटा करून बघितला. ओळखीचा वाटला. मग नवा वाटला. मग पुन्हा ओळखीचा.

बाहेर समिधा एका खोक्यात भांडी भरत होती. दार उघडं होतं, पण ती उंबऱ्याच्या पलीकडेच.

"समिधा."

"काय बाबा?"

"आत ये."

ती उठली. उंबऱ्यापाशी क्षणभर घुटमळली आणि आत आली. त्याने स्टूल पायाने पुढे सरकवलं, पण ती बसली नाही.

"काल बेटेगावला मंजुळाचे कान बघितले," तो म्हणाला. "मी वाईट बोललो तुला. फार वाईट बोललो."

समिधाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते मनगटाने पुसलं. हाताला भांड्यांची माती लागली होती, ती गालावर उमटली.

"राहू द्या बाबा."

त्याने कागद तिच्याकडे फिरवला.

"ही झालीय का माझ्याकडनं?"

तिने कागदाकडे बघितलं. एवढंसंच बघितलं. मोबाइल तिच्या हातातच होता, त्याचा पडदा काळा होता.

"नाही बाबा. नवीन आहे. एकदम नवीन."

कृष्णकांतने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. महिनाभर तो त्या चेहऱ्यावर खोटं शोधत होता. आज ते पहिल्यांदा दिसलं, आणि ते त्याच्यासाठीच होतं. त्याने कागद तिच्या हातात दिला.

"तसं नको," तो म्हणाला. "बस. बघून सांग."

समिधा स्टुलावर बसली. तिने मोबाइल उघडला आणि एकेक फोटो सरकवायला लागली. कृष्णकांत पेन्सिल बाजूला ठेवून वाट बघत राहिला.