आफ्रिकेला निघालेल्या दोन सायकली

कारंज्याच्या स्टेशनाजवळ हिरालालचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. पुढं कडुनिंबाची सावली, मागं टिनाची खोली आणि मधे पंक्चर पाहायचं पाण्याचं घमेलं, एवढाच थाट. बाप पुंजाजी आणि धाकटा भाऊ गावाबाहेरच्या भाजीच्या बाडीत वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवायचे. हिरालालचं मन मात्र कधी वाफ्यांत रमलं नाही. त्याचा हात लागलेली सायकल वर्षभर कुरकुरत नाही, असं लोक म्हणायचे. ते त्याच्या कानावर येत असे आणि त्याला आवडतही असे.

छप्पन्न सालच्या दिवाळीनंतर अमरसिंग मास्तर एक लिफाफा घेऊन दुकानात आला. अमरसिंग कामरगावकडच्या तांड्यावरचा, तिथला पहिला बी.ए. झालेला माणूस. कारंज्याच्या हायस्कुलात गणित शिकवायचा. त्याची बायको रुखमाबाई मुलींच्या शाळेत मास्तरीण होती. लग्नानंतर तिनं हिरालालच्या दुकानापुढच्या मोकळ्या जागेत सायकल शिकून घेतली होती. पहिले आठ दिवस बघ्यांची गर्दी जमली. नवव्या दिवशी ती न पडता स्टेशनापर्यंत जाऊन आली आणि गर्दी आपोआप पांगली.

"हिरालालभाऊ, नोकरी लागली," मास्तर म्हणाला. "आफ्रिकेत. हबशाण म्हनतात तो देश. तिथल्या सरकारले मास्तर पाह्यजेत. दोघायलेबी घेऊन राह्यले."

"किती दिवसासाठी?"

"तीन वर्साचा करार हाये."

करार तीन वर्षांचा होता, पण परत येणाऱ्या माणसासारखं त्यांचं सामान नव्हतं. भाड्याचं घर सोडलं, खाट आणि कपाट वाटून टाकलं. शिवणयंत्र, पितळेची भांडी, पुस्तकं, दोन गोधड्या आणि दोन्ही सायकली तेवढ्या बरोबर न्यायच्या होत्या. तिकडं आधी गेलेल्या एका मास्तरानं पत्रात बजावलं होतं की सायकल नक्की आणा, इथं छोट्या गावात मिळत नाही, शाळा घरापासून लांब असते आणि बस नसते. त्यातच त्यानं असंही लिहिलं होतं की जहाजावर वजनापेक्षा जागा मोजतात, तेव्हा खोकं होईल तितकं लहान करा.

हिरालालला हे काम म्हणजे पर्वणी वाटली. त्यानं दोन्ही सायकली सुट्या केल्या. चाकं, हँडल, पायडल, मडगार्ड तर कोणीही काढील. त्यानं पुढची चाकं धरणारे चिमटे उतरवले, चाकांच्या आणि पायडलच्या दांड्याही बाहेर काढल्या. दोन सायकलींची चवड गुडघ्याएवढीसुद्धा उरली नाही. पण असं केलं की आतले छर्रे, म्हणजे बेअरिंगच्या गोळ्या, मोकळे होतात. ते छर्रे, त्यांना दाबून धरणारे कोन, नट आणि पिना त्यानं कापडाच्या पुरचुंड्यांत बांधून एका पत्र्याच्या डब्यात भरल्या. कुठल्या पुरचुंडीतलं काय कुठं बसतं, हे अमरसिंगला बसवून समजावलं. मास्तर मान डोलवत होता.

सुतारानं खोकं करून आणलं त्या दिवशी मास्तर हातात यादी घेऊन उभा राहिला. एकेक वस्तू वाचायचा आणि खूण करायचा.

"छर्र्यायचा डबा?"

"टाकला."

थोड्या वेळानं पुन्हा, "डबा टाकला ना भाऊ?"

"टाकला म्हनलं ना."

झाकण ठेवताना तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा हिरालालचं डोकं फिरलं. "मास्तर, मी इतके वर्स झक मारून राह्यलो काय इथं? भरोसा नसंन तर दुसऱ्या दुकानात जाचं होतं!"

रुखमाबाईनं यादी नवऱ्याच्या हातून काढून घेतली. सुतारानं खिळे ठोकले, वरून लोखंडी पट्टी आवळली. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या छोट्या गाडीनं खोकं आणि ते दोघं मूर्तिजापूरला निघाले. तिथून संध्याकाळच्या मेलनं मुंबई आणि मग जहाज. हिरालाल स्टेशनावर पोचवायला गेला, पण आदल्या दिवसाचं अवघडलेपण काही सुटलं नाही. "जपून जा," एवढंच तो बोलला. मास्तरही "हो भाऊ, येतो" म्हणाला आणि खिडकीत बसला.

आवडाबाई एकच्या सुमाराला नवऱ्याची भाकर घेऊन दुकानात आली. भाकर ठेवायला फळीवर जागा करताना तिनं जुन्या ट्यूबा बाजूला सारल्या आणि म्हणाली, "ह्या डब्यात काय हाये एवढं जड?"

हिरालालनं वळून पाहिलं. तो छर्र्यांचा डबा होता.

मग आठवलं. त्यानं डबा खरोखरच खोक्यात ठेवला होता. पण गोधड्या बसेनात, म्हणून क्षणभर बाहेर काढून फळीवर ठेवला. गोधड्या दाबून बसवल्या आणि तेवढ्यात मास्तरानं तिसऱ्यांदा विचारलं. राग डोक्यात गेला तो असा, की हात पुन्हा फळीकडं गेलाच नाही.

"पोस्टानं पाठोता नाई येत काय?" आवडाबाई म्हणाली.

"कुठी पाठू? गाव कोनतं भेटते, हे त्यायलेच माईत नाई. तिथी गेल्यावर समजनार."

तो घमेल्याजवळ बसून राहिला. एक विचार गुपचूप त्याच्या मनात येऊन गेला. मुंबईच्या गोदीत सामानाची चोरी होतेच. तिकडं खोकं उघडतील, डबा सापडणार नाही, आणि ते गोदीतल्या चोरांना शिव्या देतील. कारंज्याच्या हिरालालचं नावसुद्धा कोणी काढणार नाही. हा विचार आला आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. परक्या मुलखात दोन सायकलींचे सांगाडे भिंतीला टेकवून ठेवलेत आणि रुखमाबाई उन्हातून पायी शाळेला निघाली आहे, असं चित्र त्याला दिसलं. आठ दिवस लोक हसत असताना जी हटली नाही, ती ही बाई.

"मेल साडेपाचले हाये," तो उठत म्हणाला. "मी जातो."

"वीस मैल? खाऊन तर घ्या!"

"फडक्यात बांधून दे."

डबा त्यानं कॅरिअरला सुतळीनं आवळला, खिशात पाना आणि पंक्चरचं सामान घातलं आणि आपल्याच सायकलवर टांग मारली.

कापसाचे दिवस होते. कारंज्याच्या सरकी काढायच्या जिनांकडं येणाऱ्या बैलबंड्यांची रांग रस्त्यावर लागली होती. चाकोऱ्यांत धूळ घोट्याएवढी. मधून चालवावं तर बैल बुजायचे, कडेनं चालवावं तर बाभळीचे काटे. कामरगावकडचा फाटा मागं पडला आणि थोड्याच अंतरावर मागचं चाक बसलं. लोकांचे पंक्चर काढताना तो गाणं गुणगुणायचा. आता तो घडीघडी सूर्याकडं पाहत होता. चिकटवलेलं ठिगळ वाळेपर्यंत त्यानं उभ्या उभ्या अर्धी भाकर खाल्ली. एका बंडीवाल्यानं ओरडून विचारलं, "काहून एवढी घाई, पाव्हनं?" हिरालालनं नुसता हात हलवला आणि पुन्हा टांग मारली.

मूर्तिजापूरचं स्टेशन आलं तेव्हा घड्याळात चार वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. सायकल ढकलतच तो फलाटावर शिरला. त्या टोकाला ते खोकं दिसलं आणि खोक्यावर बसलेली रुखमाबाई. मास्तर शेजारी उभा होता. हिरालालला धुळीनं माखलेला पाहून त्याचा चेहराच उतरला.

"काय झालं भाऊ? तांड्यावर काही...?"

"तांड्यावर काही नाई. सगळे बरे हायेत." हिरालालनं सुतळी सोडून डबा पुढं धरला. "हा राह्यला. तुमी तीन बार इचारलं, अन् मीच तुमाले बोललो. चुकलं माहं, मास्तर."

अमरसिंगनं डबा हातात घेतला. हिरालालला वाटलं, आता ऐकावं लागणार. पण मास्तर डब्याकडं पाहत खोक्यावर बसला.

"भाऊ, खरं सांगू? कालपासून माह्या जिवाले घोर लागून राह्यला. तुमी ते समजाऊन सांगतलं ना, त्यातलं मले एक अक्षर नाई समजलं. निस्ती मान डोलावली. गनिताचा मास्तर असून समजलं नाई, हे कसं सांगू? म्हनून घडीघडी डब्याचंच इचारत होतो."

रुखमाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. "मले सांगतलं असतं तर? मी काय शिकाले नाई म्हनली असती?"

"तुले पोह्यायचे डबे भराचे होते."

"पोह्यावर बसून शाळेत जानार होतो काय आपन?"

हिरालाल इतक्या तासांत पहिल्यांदा हसला. मग त्यानं घड्याळाकडं पाहिलं. मेलला अजून तास होता. त्यानं आपली सायकल उलटी करून फलाटावर उभी केली, पुढचं चाक काढलं आणि दांडीवरचे दोन्ही कोन सोडले. बघता बघता छर्रे त्याच्या तळहातावर आले.

"बाई, या इकडं. बसा. मी सांगनार नाई, तुमीच करा."

रुखमाबाईनं पदर खोचला आणि खाली बसली. एका बाजूला दहा छर्रे, दुसऱ्या बाजूला दहा. आधी ग्रीसचं बोट फिरवायचं, म्हणजे छर्रे चिकटून बसतात. तिच्या हातून एक निसटून फलाटावर घरंगळत गेला. मास्तर त्याच्यामागं वाकून धावला आणि एका प्रवाशाच्या बिछान्याखालून काढून आणला. लगेजचा बाबू हे पाहून तरातरा आला.

"ओ, हा फलाट आहे! कारखाना काढलाय का इथं?"

"बाबूजी, ह्या बाई आफ्रिकेले जाऊन राह्यल्या," हिरालाल मान वर न करता म्हणाला. "तिथी मिस्त्री नाई."

बाबू तिथंच हातांची घडी घालून पाहत उभा राहिला.

दांडी घालून कोन आवळायची वेळ आली. तिनं जोर लावून आवळला. चाक फिरवलं तर ते घरघरून थांबलं.

"घट्ट झालं," तीच म्हणाली. सैल केला, तर चाक डगमगलं. पुन्हा आवळला, पुन्हा सोडला. हिरालालची बोटं शिवशिवत होती. पाना घेतला असता तर क्षणात झालं असतं. त्यानं दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले.

"पुरा आवळा अन् मंग जरासाच मागं घ्या. बोटाले समजते. कानानं आयका."

चौथ्या खेपेला तिनं चाक फिरवलं आणि ते आवाज न करता फिरत राहिलं. बराच वेळ फिरलं, मंद झालं, आणि शेवटी हवा भरायच्या वालाची बाजू जड म्हणून आपसूक खाली येऊन, दोनदा हेलकावे घेऊन थांबली.

"बस!" हिरालाल म्हणाला. "बाकी सगळ्या ठिकानी हेच. छर्रे लहान-मोठे, जागा येगळी, पन रीत हेच."

मग त्यानं डबा उघडला आणि एकेक पुरचुंडी तिच्या हातात दिली. या खेपेला तिनं यादीच्या मागच्या बाजूला स्वतः लिहून घेतलं, चित्रं काढली, बाण दाखवले. मास्तर पेन्सिलीला टोक करून देत होता. खोकं आता पट्टीबंद होतं, म्हणून डबा हातातल्या पिशवीत, पोह्यांच्या शेजारी गेला.

मेल आली तेव्हा फलाटावर एकच धांदल उडाली. बाबूनं स्वतः दोन हमालांना हाका मारून खोकं लगेजच्या डब्यात चढवलं आणि ओरडला, "आडवं ठेव, आडवं! सायकली आहेत आत." रुखमाबाई दारात उभी राहिली. तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत काळे झाले होते, म्हणून तिला नमस्कारही नीट करता येईना.

"भाऊ, माह्या हाताची सायकल घेऊन वीस मैल जाल तुमी?"

"जातो ना. बिनघोर जातो."

अमरसिंगनं खिडकीतून हात बाहेर काढून त्याचा हात धरला. कालचं काही उरलं नव्हतं. गाडी हलली तरी त्यानं हात सोडला नाही. हिरालालला चार पावलं सोबत चालावं लागलं.

ती रात्र तो स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत झोपला. उरलेली अर्धी भाकर वाळली होती, तरी गोड लागली. सकाळी थंडीत तो निघाला आणि जाताना जो रस्ता नुसता घड्याळाच्या काट्यासारखा टोचला होता, तो येताना त्याला पहिल्यांदा नीट दिसला. शेतांत वेचणी चालली होती. पुढचं चाक सुरेख चाललं होतं. वाटेत त्यानं दोनदा उतरून ते तपासलं खरं, पण हात लावायची गरज पडली नाही.

पत्र यायला चैत्र उजाडला. वर अनोळखी तिकीट, आत रुखमाबाईचं वळणदार अक्षर. हिरालालनं ते दुकानात उभ्यानंच वाचायला घेतलं आणि आवडाबाईला मोठ्यानं ऐकवलं. डोंगरातलं गाव आहे, थंडी फार आहे, लोक मायाळू आहेत. खोकं धड पोचलं, फक्त एक पातेलं चेपलं. सायकली जोडायला दोन दिवस लागले. मास्तरांनी सांगाडा धरला, मी पाना चालवला. शाळा तीन मैल आहे, दोघं बरोबर जातो. परवा इथल्या पोस्टमननं स्वतःची सायकल माझ्यापुढं आणून उभी केली; आता काय म्हणावं! आणि शेवटी लिहिलं होतं, भाऊ, सगळं जोडून झालं तरी दोन्ही सायकलींचे मिळून तीन छर्रे उरले. कुठले ते समजत नाही. सायकली तर छान चालतात. भीती आहे का काही?

"तीन उरले?" आवडाबाईच्या कपाळावर आठी पडली. "मंग कुठी तरी कमी बसले असतीन ना?"

हिरालालनं पत्राची घडी केली.

"नाई, नाई. पाच तर मीच जास्तीचे टाकले होते. सांडासांडीसाठी," तो म्हणाला. "दोन वाटेत सांडले असतीन. कागद दे इकडं. लिहून टाकतो, काही भेव नाई, अन् त्या पोस्टमनच्या सायकलीचं काय बिघडलं ते नीट कळवा."