मळवलीच्या पिवळ्या मुनिया

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी साडेसात वाजता मळवलीच्या माळावर वीस-बावीस माणसं घाणेरीच्या एका झुडपाकडे तोंड करून श्वास रोखून उभी होती. प्रत्येकाच्या गळ्यात दुर्बीण, निम्म्यांच्या हातात हातभर लांब लेन्सचे कॅमेरे. थंडीत कुडकुडत पुण्याहून आलेली माणसं होती ती. झुडपात चिमणीहून लहान पक्षी बसला होता, पिवळाधमक.

"माधवीताई, नववी नोंद!" ओंकार कुजबुजला. "पंधरा दिवसांत नऊ! कुठल्याच पुस्तकात हा सापडत नाही. हिमालयापलीकडून वाट चुकून आलेला असणार. भारतातली पहिलीच नोंद ठरेल, बघा."

ओंकार लोणावळ्यात एका हॉटेलात नोकरी करतो आणि आमचा पक्षीनिरीक्षकांचा ग्रुप चालवतो. मी सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते. सव्वीस वर्षं झाली. आसपासच्या वाड्यांमध्ये मला 'रगताच्या बाई' म्हणतात. रविवारी मी पक्षी बघते, कारण ते मला रिपोर्टमध्ये काय आलं म्हणून विचारत नाहीत.

आधीचे दोन रविवार मी तो पिवळा पक्षी लांबून पाहिला होता आणि इतरांसारखीच हरखले होते. आज तो जवळ होता. चोच जाड, शेपूट टोकदार. ही तर मुनिया! भाताच्या खाचरांत थव्याने दाणे टिपणारी साधी भुरकट मुनिया. पण ही एकटीच, अंग फुगवून बसली होती. तिनं पंख उघडला तेव्हा पंखाखालची पिसं भुरकटच दिसली. तिथं पिवळं पोचलंच नव्हतं.

"ओंकार, ही मुनिया आहे. रंगवलेली."

"ताई, काहीतरीच काय! रंगवून कोण सोडून देईल?"

मंडळी पांगल्यावर झुडपाखाली मला तसलीच एक मेलेली मुनिया सापडली. पिसं एकमेकांना चिकटलेली. असल्या पिसांनी थंडीत ऊब कशी धरणार? मी ती पिशवीत घालून घेतली.

सोमवारी प्रयोगशाळेत तिच्या एका पिसावर लिंबू पिळलं. पिवळा रंग उडाला. शेजारच्या टपरीवरून चुना आणला, त्याची निवळी टाकली. पीस पुन्हा पिवळं झालं. ही करामत मी बारा वर्षांपूर्वी पाहिली होती. कावीळ उतरवणारा एक जण रोग्याच्या हातांना आंब्याच्या सालीचं पाणी लावायचा, वर चुन्याची निवळी ओतायचा आणि हातांवरून पिवळं पाणी ओघळलं की म्हणायचा, "बघा, निघाली!"

मग मी रजिस्टर उघडलं. नोव्हेंबरात डोंगराखालच्या एकाच वाडीतले सात जण कावीळ घेऊन आले होते. फेरतपासणीला एकही आला नव्हता. त्यांत हिरी होती. बावीस वर्षांची, सात महिन्यांची गरोदर. तिचं बिलिरुबिन, म्हणजे रक्तातलं काविळीचं प्रमाण, नऊ होतं; ते एकाच्या आसपास हवं. डॉक्टरांनी भरती व्हायला सांगितलं होतं, ती घरी निघून गेली होती.

वाडीच्या आशा कार्यकर्तीला, सुषमाला, फोन लावला.

"बाई, ते समदे पाखरूबाबाकडं जात्यात," ती म्हणाली. "हितं माळाच्या कडेला शेड टाकलीया त्यानं. रोगी पाखरू हातात धरतो, त्याची कावीळ पाखरात उतरती. पाखरू पिवळं व्हतं, मग बाबा त्येला सोडून देतो. म्या लय सांगितलं, कुनी ऐकंना."

ग्रुपवर नऊ नोंदी होत्या. एखाद-दुसरं पाखरू दोनदा मोजलं असेल, पण काही तर दिसलीच नसतील. ज्या नोंदींना आम्ही टाळ्यांची चित्रं पाठवत होतो, त्यातल्या प्रत्येकीमागे एक पिवळ्या डोळ्यांचा माणूस होता.

मंगळवारी सुषमा हिरीच्या घरी जाऊन आली. सासू धोंडाबाई म्हणाल्या, "बेस्तरवारी बाबाकडं जायचं ठरलंय. मंग बघू." म्हणून गुरुवारी मी रजा टाकली.

शेडपुढे दीडेकशे माणसं होती. पाखरूबाबा पिवळी शाल पांघरून खाटेवर बसला होता. पायात पांढरेशुभ्र महागडे बूट. मागं पिंजऱ्यात मुनियांची दाटी.

"कावीळ म्हणजे काय?" तो गरजला. "पिवळं भूत! आणि डॉक्टर काय करतो? सुई टोचतो! अरे, भुताला कधी सुई टोचते का? भूत उडवावं लागतं! बोला, पक्षीराज की जय!"

"जय!"

हिरीचाच नंबर होता. डोळे हळदीसारखे, पाय सुजलेले. धोंडाबाईंनी तिला काखेत धरून पुढं नेलं. बाबानं तिच्या ओंजळीत मुनिया ठेवली, काहीतरी पुटपुटला आणि गडूतलं 'तीर्थ' पाखरावर ओतलं. बघता बघता पाखरू पिवळं झालं. लोक ओरडले, "उतरली, उतरली!" बाबानं पाखरू उडवलं. ते धडपडत घाणेरीत शिरलं.

"आता एकवीस दिवस दवाखान्याचं औषध घ्यायचं नाही. घेतलंत, तर पाखरू परत येईल आणि रोग परत घालून जाईल!"

मी डोक्यावरून ओढणी घेऊन पुढं झाले. "बाबा, माझीपण उतरवा." मी दमलेलीच दिसते, वेगळं सोंग लागलं नाही. त्यानं माझ्या हातात पाखरू दिलं, तीर्थ ओतलं. पाखरू पिवळं झालं. पुन्हा आरोळी उठली.

मी ओढणी काढली.

"अगं बया, रगताच्या बाई!" धोंडाबाई म्हणाल्या.

"आज सकाळीच मी माझं रक्त तपासलंय." मी कागद वर धरला. "शून्य पॉइंट सहा. मला कावीळ नाही. मग पाखरात काय उतरलं?"

बाबानं माझ्याकडे बोट रोखलं. "छुपी कावीळ! यंत्राला दिसत नाही!"

लोकांनी माना डोलावल्या. याचीही मला सवय आहे. मी धोंडाबाईंकडे वळले. "मावशी, तुमच्या पानाच्या डबीत चुना आहे ना? थोडा पाण्यात कालवा आणि पिंजऱ्यातल्या एखाद्या पाखराला बोट लावून बघा."

"पाखराला हात लावाल तर भस्म व्हाल!" बाबा उठलाच.

धोंडाबाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा सुनेकडे. मग खाली बसून तळहातावर चुना कालवला, पिंजऱ्यात हात घालून एक मुनिया धरली आणि नाकाशी नेली.

"आंब्याच्या सालीचा वास हाय ह्येला. आमी पोरं असताना कापडं रंगवायचो सालीनं." त्यांनी ओलं बोट पाखराच्या पोटावरून फिरवलं. पोटावर पिवळा पट्टा उमटला; सालीचं पाणी पाखरांना आधीच लावलेलं होतं, तीर्थ म्हणजे नुसती चुन्याची निवळी.

धोंडाबाईंनी पाखरू उंच धरलं.

"ह्ये तर पिंजऱ्यातच पिवळं झालं. ह्येला कुनाची कावीळ लागली रं, बाबा?"

"पन मी तर बरा झालो की हो!" गर्दीतून सीताराम नावाचा माणूस म्हणाला.

"भाऊ, तुमची कावीळ विश्रांतीनं आपोआप गेली," मी म्हणाले. "बहुतेकांची महिना-दीड महिन्यात जाते. श्रेय बाबा घेतो. पण गरोदर बाईला हीच कावीळ मारू शकते. आणि एकाच वाडीत सात जणांना का झाली, हे कुणी विचारलं का? तुमच्या विहिरीचं पाणी तपासायला हवंय."

सीतारामनंच जीप काढली. तासाभरात हिरी रुग्णालयात होती, तिथून तिला पुण्याला हलवलं.

हिरी वाचली. बाळ गेलं.

विहिरीच्या पाण्यात मैला मिसळत असल्याचं निघालं. पाखरूबाबाविरुद्ध तक्रार द्यायला मात्र एकही रोगी पुढं आला नाही; फसलो म्हणून सांगायची लाज वाटते माणसांना. शेवटी वनखात्यानं त्याला मुनिया पकडल्याबद्दल उचललं. पाखरांची साक्ष पुरली, माणसांची मिळाली नाही. ओंकारनं नऊच्या नऊ नोंदी खोडल्या आणि का खोडल्या, तेही ग्रुपवर लिहिलं. दोघं-तिघं रागावून बाहेर पडले.

पंधरा दिवसांनी धोंडाबाई हिरीला फेरतपासणीला घेऊन आल्या. मी रक्त घेत असताना त्या हळूच म्हणाल्या, "बाई, तुमी आदी का न्हाई आलात?"

रजिस्टर माझ्याच टेबलावर होतं आणि मी दोन रविवार दुर्बीण लावून पिवळ्या पाखराचं कौतुक करत होते.

म्हणून आता जिथं जाते तिथं हेच सांगते. डोळे पिवळे दिसले की रक्त तपासा. बाई गरोदर असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. पाणी उकळून प्या. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर म्हणा, हाच आधी धडधाकट माणसावर करून दाखव. एवढं विचारायला शाळा लागत नाही. धोंडाबाईंना सहीसुद्धा करता येत नाही.