आपणहून सोडलेली नोकरी

मित्रांनो, तीन पुडांचा, पितळेचा, अंगाला जागोजाग पोचे पडलेला असा मी एक जुना डबा आहे. हल्ली आकुर्डीतल्या एका घरात फळीवर बसून असतो. माझ्या पोटात सुया, दोरे आणि तुटकी बटणे ठेवलेली आहेत. पण एके काळी माझ्यात भाकरी असायची. त्या भाकरीची गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म पुण्याच्या तांबट आळीत झाला. पुष्कळ ठोके खाल्ले, तेव्हा कुठे मला आकार आला. आकुर्डीच्या सोजराबाईंनी मला विकत घेतले, कारण त्यांची एकुलती एक लेक शालन लग्न होऊन सोलापूरला निघाली होती आणि जावई तिथल्या गिरणीत कामाला होता.

जावई फार जगला नाही. विषमज्वराने गेला. मूलबाळ नव्हते. मग शालनबाई स्वतःच मला घेऊन गिरणीत जाऊ लागली. कांड्यांवर सूत गुंडाळायच्या त्या खात्यात सगळ्या बायकाच होत्या. मित्रांनो, माझे खरे सुखाचे दिवस ते. दिवाळीआधी शालनबाई मला न चुकता कल्हई लावून आणायची. दुपारच्या सुट्टीत बायका गोल करून बसल्या की माझे झाकण आधी उघडायचे, कारण तिच्या हातची शेंगदाण्याची चटणी सगळ्यांना हवी असायची. "शालनबाईचा डबा म्हणजे आरसा," असे तिची मैत्रीण छबूबाई म्हणायची, आणि मी आणखीच चमकायचो.

अशी बरीच वर्षे गेली. मग एका उन्हाळ्यात आकुर्डीहून निरोप आला. सोजराबाईंची नजर आधीच गेली होती. आता अर्धांगाचा झटका येऊन डावी बाजूही लुळी पडली होती. शेजारची गोजाबाई त्यांना कसेबसे भरवत होती.

शालनबाई रजा मागायला खात्याच्या नायकिणीकडे गेली. बायकांवर देखरेख ठेवणाऱ्या बाईला तिथे नायकीण म्हणत. तिचे नाव इंदुताई.

"लांबची रजा साहेब देणार नाहीत गं," इंदुताई म्हणाली. "त्यापेक्षा राजीनाम्यावर अंगठा दे आणि मोकळी हो. परत आलीस की मी घेते तुला. मी आहे ना?"

शालनबाईने अंगठा दिला. माझ्या वरच्या पुडात चटणी भरून ती त्याच दिवशी गाडीत बसली.

आकुर्डीत तिने आईला न्हाऊ घातले, पाठीच्या जखमा धुतल्या, मऊ भात कालवून भरवला. म्हातारी हळूहळू उशीला टेकून बसू लागली. गाठीला होते ते मात्र संपत आले.

अशातच छबूबाई देहूला दर्शनाला आली होती, ती वाट वाकडी करून आकुर्डीला आली. तिने सांगितले, की गिरणीत नवी यंत्रे आली आणि सगळ्या बायकांना घरी बसवले. "पण नवा कायदा झालाय. काढून टाकलं की भरपाई द्यावी लागते. आम्हाला मिळाली. तुझी नोकरी तर माझ्याहून जुनी! जा, माग."

हे सगळे सोजराबाई खाटेवरून ऐकत होत्या. त्यांचा चेहरा उजळला. "जा पोरी," त्या म्हणाल्या. "तुझ्या हक्काचं हाय."

आईला गोजाबाईवर सोपवून शालनबाई सोलापूरला गेली. मी तिच्या मांडीवर होतो. गिरणीतून तिला सरकारी मजूर कचेरीत पाठवले. तिथले नानासाहेब नावाचे अधिकारी भले गृहस्थ होते. त्यांनी तिला खुर्ची दिली, कागद मागवून वाचले आणि चष्मा काढून ठेवला.

"बाई, कायदा एवढंच विचारतो, की मालकानं काढलं का कामगारानं सोडलं. काढलं असतं तर भरपाई होती. तुम्ही आपणहून सोडलीत."

"आपणहून?" शालनबाई म्हणाली. "माझी आई पडली, ती म्या पाडली व्हय, साहेब? तिला कोण बघणार हुतं?"

नानासाहेबांनी कागद पुन्हा एकदा उलटून पाहिले. मग म्हणाले, "बिनपगारी रजेवर असतात, तरी तुमचं नाव हजेरीपटावर राहिलं असतं. तुम्हाला कुणी रजा नाकारली होती का?"

तिने इंदुताईचे नाव सांगितले. दुसऱ्या दिवशी इंदुताईला बोलावले. खात्यातल्या बायका गेल्या, तरी गिरणीने तिला दुसऱ्या कामावर ठेवून घेतले होते. ती आली आणि शालनबाईकडे न बघता पदराचे टोक पिळत उभी राहिली.

"मला काही आठवत नाही, साहेब," ती म्हणाली.

शालनबाई भांडली नाही. तिने फक्त विचारले, "काम न्हाई त्याला सरकार काय देत न्हाई का?"

"आपल्याकडं अजून तसं काही नाही," नानासाहेब म्हणाले. "पुण्याच्या कचेरीत नाव नोंदवा. काम निघालं तर बोलावतील." ते तिला दारापर्यंत पोचवायला आले. त्या चांगुलपणाचे तिने काय करायचे होते?

गाडीत ती मला पोटाशी धरून बसली. मी रिकामा होतो.

घरी येताच सोजराबाईंनी विचारले, "झालं का गं काम?"

"झालं, आये. पैसे मिळाले समदे. आन पिंपरीच्या नव्या कारखान्यात कामबी मिळालं. बसून करायचं काम हाय."

मित्रांनो, यातले काही खरे नव्हते. पुण्याला नाव नोंदवले, पण बोलावणे आले नाही. पिंपरीच्या माळावर तेव्हा कारखान्यांच्या इमारती उठत होत्या. तिथे शालनबाई सिमेंट आणि चुन्याची घमेली वाहू लागली. माझ्यात आता चटणी नसायची, नुसती भाकरी आणि कांदा. कधी कधी तेवढेही नसायचे, तरी ती मला रिकामे घेऊन जायची, कारण झाकण लावल्याचा आवाज आला नाही तर आई विचारील. कुणीतरी माझ्यावर वीट टाकली आणि पहिला पोचा पडला. कल्हई तर कधीच उडाली होती.

रोज संध्याकाळी ती आईचे पाय दाबायची आणि कारखान्याच्या गोष्टी सांगायची. पंखे आहेत, चहा मिळतो, साहेब चांगला आहे. सोजराबाई "बरं झालं गं माझे बाई" म्हणत ऐकायच्या.

पुढच्या थंडीत सोजराबाई गेल्या. अगदी शांतपणे, लेकीच्या हातून पाणी पिऊन.

दिवस झाल्यावर गोजाबाई भाकऱ्या घेऊन आली. शालनबाई चुलीजवळ बसली होती. "एका गोष्टीचं समाधान हाय, मावशे," ती म्हणाली. "आयेला शेवटपर्यंत कळलं न्हाई. सुखात गेली."

गोजाबाईने भाकऱ्या खाली ठेवल्या.

"अगं, तिला समदं ठावं हुतं," ती म्हणाली. "तू पाय दाबायचीस ना? पैल्याच आठवड्यात मला म्हणाली, पोरीच्या हाताला चुन्यानं भेगा पडल्यात गं. बसून करायच्या कामाचे हात असे नसत्यात. मी म्हटलं, मग इचार की तिला. तर म्हणाली, नको. मला सुखात ठेवलंय एवढंच तिच्या हाती उरलंय. तेबी मी काढून घेऊ?"

शालनबाईने आपले दोन्ही हात मांडीवर उलटे करून पाहिले. मग ती रडली. सोलापूरच्या कचेरीत रडली नव्हती, आई गेली तेव्हाही एवढी रडली नव्हती. गोजाबाई तिला धरून बसली आणि भाकऱ्या तशाच गार झाल्या.

सोलापूरला ती परत गेली नाही. जायला तिथे खातेच उरले नव्हते. घमेली वाहिली, पुढे उतारवयात गोधड्या शिवल्या. मी फळीवर आलो तो तेव्हापासून.

मित्रांनो, माझी मागणी मोठी नाही. जुन्या भांड्याला कल्हई लावा, नाहीतर त्यातले अन्न कळकते. कुणी कागदावर अंगठा मागितला, तर त्यात काय लिहिले आहे ते आधी मोठ्याने वाचून घ्या. आणि घरच्या आजारी माणसासाठी कामधंदा सोडून कुणी तुमच्या शेजारी राहायला आले, तर आता पोट कसे भरणार, असे त्याला विचारू नका. तो प्रश्न त्याला स्वतःलाच रोज पडलेला असतो. आधी विचारा, जेवलास का.